बुर्किनी दोन वर्षं वापरली, आता लिहिते : घेताना कुर्त्याची लांबी आधी बघा

बुर्किनी म्हणजे चेहरा, हाताचे पंजे आणि पावलं सोडून सगळं अंग झाकणारा पोहण्याचा ड्रेस. दोन वर्षांत दोन बुर्किनी घेतल्या, एक वाईट निघाली एक चांगली, दोन्ही भरपूर वापरून झाल्यात म्हणून आता लिहायला बसलेय. मराठीत ह्याच्यावर शोधलं तर नुसत्या बातम्या मिळतात, फ्रान्समध्ये बंदी, बीचवर पोलीस, कुठला मंत्री काय बोलला. घालून पाण्यात उतरलेल्या बाईने लिहिलेलं मला एक अक्षर सापडलं नाही. शिवण कुठे टोचते, टोपीत पाणी साठतं का, ओली झाल्यावर किती जड होते, हे घेणाऱ्या बाईला कळायला पाहिजे ना, ७०-७० युरो जातात.

आधी माझी माहिती देते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी हर्णैची, दापोली तालुका. लग्नानंतर जर्मनीत आले, फ्रँकफर्टच्या जवळ राहतो, अकरा वर्षं झाली. स्कार्फ बांधते, चेहरा उघडा असतो. वय ३९, उंची पाच फूट दोन इंच, बाळंतपणानंतरचं पोट आहे, साइज भारतात एक्सेल आणि इथे ४४. पोहायला ३७ व्या वर्षी शिकले. समुद्र दारात आणि पोहता येत नाही ही आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या बायकांची गत, पुरुष पहाटे होडी घेऊन जाणार, पोरं बंदरात उड्या मारणार आणि आम्ही किनाऱ्यावर टोपल्या घेऊन, फार तर घोट्यापर्यंत पाण्यात. माझ्या नानीची धाकटी जाऊ एकदा होडीतून उतरताना घसरली, पाणी छातीएवढंच होतं, पण लुगडं पायांत गुंडाळलं गेलं आणि तिला उभंच राहता येईना. दोघांनी ओढून काढली म्हणून वाचली. नानी ती गोष्ट सांगताना दर वेळी म्हणायची, पाण्याने नाही गं, लुगड्याने धरली तिला. हे वाक्य डोक्यात ठेवून मी दोन्ही ड्रेस तपासलेत, त्यामुळे माझ्या रिव्ह्यूत रंग आणि फॅशन कमी आणि वजन जास्त येईल.

शिकायचं कारण मुलगी. इथे प्राथमिक शाळेतच पोहण्याचा तास असतो आणि पोरं झेपफेर्डशेन नावाचा बिल्ला मिळवतात, म्हणजे समुद्री घोडा, काठावरून उडी मारायची, २५ मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची वस्तू वर काढायची. तिला तो मिळाला. त्याच उन्हाळ्यात तळ्यावर तिचा चेंडू वाऱ्याने आत गेला आणि ती त्याच्या मागे पोहत पोहत गेली आणि मी काठावर उभी राहून हाका मारत होते. ती आली परत, चेंडू घेऊन आली, पण ती जी दोन-तीन मिनिटं होती ना, त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं मला क्लास लावायचाय.

आता पहिली बुर्किनी. ऑनलाइन घेतली, ३४ युरो, फोटोत मॉडेल छान दिसत होती. दुकानाचं नाव लिहीत नाही. काळा कुर्ता गुडघ्यापर्यंत, मोजला तर खांद्यापासून ९६ सेंटीमीटर, खाली सैल पँट आणि वेगळी टोपी जी हनुवटीखाली वेल्क्रोने लागते. कापड नुसतं पॉलिएस्टर, लायक्रा नावाला. कोरडी ६२० ग्रॅम. ओली झाल्यावर, पिळायच्या आधी, बादलीत उचलून किचनच्या काट्यावर ठेवली, बादली वजा करून दोन किलो शंभर. दोन किलो अंगाला बांधून जी पोहायला शिकतेय तिची काय अवस्था होत असेल बघा. पहिल्या दिवशी पाण्यात उतरले आणि कुर्ता छत्रीसारखा फुगून वर आला, खाली ओढला की हवा बाजूने गळ्यात, म्हणजे मी दोन हात पोहायला वापरू का कुर्ता धरायला. ज्या कारणासाठी एवढं लांबलचक घेतलं तेच होत नव्हतं, पोट उघडं पडत होतं. आणि पाय मारताना खालचा घेर गुडघ्यांत अडकायचा. मला नानीची जाऊ आठवली, खरंच सांगते, चौथ्या तासाला मी रडत बाहेर आले.

आमच्या मास्तरीणबाई साठीच्या पुढच्या जर्मन बाई आहेत, आयुष्यभर पोहायला शिकवलंय, त्यांनी मला बाकावर बसवलं आणि विचारलं की हा कुर्ता इतका लांब का आहे, म्हणजे तुझ्या धर्मात ही लांबी ठरलेली आहे का. टोमणा नव्हता, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर येईना. मी म्हटलं अंग झाकलं पाहिजे, आकार दिसू नये. त्या म्हणाल्या पाण्याखाली कुठे दिसतो, आणि पाण्याबाहेर येताना टॉवेल आहे. मग त्यांनीच सांगितलं की तुर्की दुकानात जा, तिथल्या बायका वर्षानुवर्षं वापरतात, त्याला त्या हाशेमा म्हणतात.

ही दुसरी, आणि हीच मी सगळ्यांना घ्यायला सांगते. फ्रँकफर्टमध्ये दुकानात जाऊन घालून बघून घेतली, ७२ युरो. कापड नायलॉन-लायक्रा, हात लावला की कळतं, थंड आणि गुळगुळीत लागतं आणि ताणून सोडलं की परत जागेवर येतं. कुर्ता ७४ सेंटीमीटर, म्हणजे मांडीच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना छोटी फट. खाली लेगिंग, घोट्याला चेन नाही, रबरी पट्टी आहे जी कातडीला धरून बसते. टोपी कुर्त्यालाच शिवलेली, पाठीमागे मानेवर चेन. आणि मेन गोष्ट, कुर्त्याच्या आतून कमरेला दोन नाड्या आहेत आणि लेगिंगला दोन लूप, ते एकमेकांना बांधायचं की कुर्ता वर येतच नाही. एवढ्याशा दोन नाड्या! घेताना ह्या नाड्या आहेत का ते आधी बघा, नसतील तर ठेवून द्या, कितीही सुंदर असू दे.

वजन कोरडी ४३०, ओली ९८०. निम्म्याहून कमी. पिळून हँगरला लावली तर बाथरूममध्ये चार तासांत सुकते, पहिली दुसऱ्या दिवशीपर्यंत ठिबकायची. क्लोरीनने रंग गेलाय का तर खांद्यावर थोडा, गडद निळी होती ती आता खांद्यावर जांभळट दिसते, पण आठवड्याला दोनदा असे दोन वर्षं वापरून एवढंच. पोहून झालं की लगेच साध्या गार पाण्यात खळबळवायची, मशीनमध्ये टाकायची नाही, सॉफ्टनर तर नकोच, त्याने लायक्रा मरतं. काखेतली शिवण पहिले पंधरा दिवस टोचली, मी थोडं व्हॅसलीन लावायचे. पोट-कमरेला नीट बसते, छातीला आत अस्तर आहे पण आधार नाही, आत वेगळी स्पोर्ट्स ब्रा घालावी लागते, हे दुकानदारीण बोलली नव्हती.

टोपीबद्दल वेगळं लिहिते कारण त्रास तिथेच आहे. नुसती शिवलेली टोपी घालून पोहलात तर मानेच्या मागे पाणी साठतं आणि डोकं मागे ओढल्यासारखं वाटतं, इथे सगळ्यांना आधी ब्रेस्टस्ट्रोक शिकवतात त्यात तोंड पाण्यात घालून वर काढायचं असतं, दर वेळी टोपी कपाळावरून सरकते. उपाय म्हणजे आत साधी सिलिकॉनची स्विमिंग कॅप घालायची आणि वर टोपी, मग पाणी शिरत नाही आणि केस पण कोरडे राहतात. ऐकायला मात्र कमी येतं. मास्तरीणबाई शिट्टी वाजवायच्या तेव्हा मला शेजारची हाताने खुणवायची. पाचपैकी चार तारे देते, एक तारा टोपीसाठी कापला.

आता ह्या कुर्त्याच्या लांबीवर परत येते, कारण पुढे जे काही झालं ते सगळं त्या वीस-बावीस सेंटीमीटरवर झालं.

आमच्या इथल्या बायकांच्या एका ग्रुपवर मी नवीन ड्रेसचा फोटो टाकला, हँगरवरचा, अंगावरचा नाही. एकीने लिहिलं हे जायझ नाही, म्हणजे धर्मात चालत नाही, ओलं झालं की अंगाला चिकटतं, आणि पुरुष असलेल्या पूलमध्ये तर कसलाही ड्रेस चालणार नाही. दुसरीने लिहिलं कमीत कमी गुडघ्यापर्यंत पाहिजे. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं की गुडघ्यापर्यंतचा घातला होता, त्याने मी बुडत होते. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण त्यातल्या तिघींनी नंतर खाजगीत विचारलं की दुकान कुठे आहे.

आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही नणंदेकडे फ्रान्सला गेलो. तिच्या गावच्या सरकारी पूलवर मुलांना घेऊन गेलो तर तिकिटाच्या खिडकीतच अडवलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली मुलगी सभ्यपणे बोलली, भिंतीवरचा चित्रांचा तक्ता दाखवला, अंगाला घट्ट बसणारा स्विमसूट चालेल, सैल कपडा, कुर्ता, घेर असलेलं काहीही चालणार नाही, कारण स्वच्छता. माझ्या नवऱ्याची बर्म्युडा पण त्याच तक्त्यावर फुली मारलेली होती, त्याला तिथल्या मशीनमधून पैसे टाकून तंग चड्डी विकत घ्यावी लागली आणि तो आत गेला. हे मुद्दाम लिहिते, कारण फ्रान्समध्ये पुरुषांना पण सैल चड्डी चालत नाही, हा नियम फक्त आमच्यासाठी काढलाय असं म्हणणं खोटं होईल. फक्त त्याच्यासाठी मशीन होतं, माझ्यासाठी नव्हतं. मी काचेच्या बाहेर बसून दोन तास पोरांना बघितलं. पोहता येत असताना बाहेर बसणं हे पोहता येत नसताना बाहेर बसण्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणजे बघा, सैल घालावी तर इकडचे खूश आणि तिकडचे आत सोडत नाहीत, घट्ट घालावी तर तिकडचे सोडतील कदाचित आणि इकडचे नाराज, आणि पाण्याला विचारलं तर पाणी म्हणतं आखूड आणि हलकी. मी पाण्याचं ऐकते.

नंतर मी घरी येऊन हे सगळं नीट वाचून काढलं, कारण लोक बोलताना बुरखा, निकाब, हिजाब, बुर्किनी सगळं एकाच टोपल्यात टाकतात, आपल्याकडचे पण टाकतात. फ्रान्समधला २०१० चा जो कायदा आहे, एप्रिल २०११ पासून लागू झालेला, १५० युरोपर्यंत दंडाचा, तो चेहरा झाकण्यावर आहे. बुर्किनीत चेहरा पूर्ण उघडा असतो, त्याचा ह्या कायद्याशी संबंध नाही. सरकारी शाळेत स्कार्फ चालत नाही तो २००४ चा वेगळा कायदा. बेल्जियम, ऑस्ट्रिया, डेन्मार्क ह्यांचे कायदे पण चेहऱ्याचेच, स्वित्झर्लंडने तर २०२१ मध्ये त्यावर जनमत घेतलं आणि ५१ टक्क्यांच्या थोडं वर मतं बंदीच्या बाजूने पडली, २०२५ च्या १ जानेवारीपासून तिथे लागू आहे.

बुर्किनीचा किस्सा २०१६ चा. फ्रान्सच्या नीस शहरात १४ जुलैला दहशतवादी हल्ल्यात ट्रकखाली ८६ माणसं मारली गेली, सगळा किनारा हादरलेला होता, आणि दोन आठवड्यांत जवळच्या कान (Cannes) शहराच्या महापौरांनी बीचवर असले कपडे बंद केले, मग बघता बघता तीसेक गावांनी तेच केलं. तेव्हाचे पंतप्रधान मान्युएल वाल्स ह्यांनी त्या ड्रेसला बाईच्या गुलामीशी जोडलं. आणि मग तो फोटो आला, नीसच्या बीचवर गोट्यांवर बसलेली बाई आणि भोवती हत्यारबंद पोलीस आणि ती अंगातला लांब बाह्यांचा कुर्ता काढतेय. तेव्हा मी नुकतीच जर्मनीत आले होते, फोनवर तो फोटो बघून अम्मीने घाबरून फोन केला होता की तू बाहेर जाऊ नकोस. २६ ऑगस्टला तिथल्या सगळ्यात वरच्या प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली, म्हणाले की नुसत्या भीतीवर लोकांचं स्वातंत्र्य काढता येत नाही, गडबड होण्याचा खरा धोका दाखवा.

पण पूलची गोष्ट वेगळी. फ्रान्सच्याच ग्रेनोबल शहराने मे २०२२ मध्ये ठराव केला की बायकांना हवा तो स्विमसूट घालू दे, अंगभर किंवा वरून उघडा पण. तेच न्यायालय जूनमध्ये म्हणालं नाही, एका धार्मिक मागणीसाठी स्वच्छतेच्या आणि सुरक्षेच्या नियमाला अपवाद केलाय, बाकीच्यांना घट्ट कपड्यांची सक्ती आणि ह्यांना सूट, हे सगळ्यांना समान वागवणं नाही. मी हा निकाल रागाने वाचायला घेतला होता. दोनदा वाचल्यावर राग थोडा उतरला, कारण मुद्दा परत कुर्त्याच्या घेरावर आला होता आणि पहिल्या बुर्किनीचा घेर मला आठवत होता. पण मग फ्रान्सच्याच रेन शहरात २०१८ पासून अंगभर ड्रेस चालतो, त्या शहराचे पूल घाण झाले असं काही ऐकलं नाही. पोहण्याच्याच कापडाचा, कधी रस्त्यावर न घातलेला ड्रेस घाण कसा हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

जर्मनीत उलटं आहे, निदान बऱ्याच ठिकाणी. इथे पूलचे नियम गावागणिक असतात, जायच्या आधी त्या पूलची बाडेऑर्डनुंग म्हणजे नियमावली वाचा किंवा फोन करा. कोब्लेन्झ शहराने बंदी घातली होती, २०१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने ती थांबवली, कारण ट्रायथलॉनवाल्यांचे निओप्रीनचे अंगभर सूट चालत होते आणि बुर्किनी तेवढी नको होती. त्याच्या आधी २०१३ चा निकाल तर मला सगळ्यात जास्त पटतो. फ्रँकफर्टचीच शाळकरी मुलगी, घरच्यांचं म्हणणं मुला-मुलींचा एकत्र पोहण्याचा तास आमच्या धर्मात बसत नाही, सूट द्या. लायपझिगचं न्यायालय, म्हणजे जर्मनीचं सगळ्यात वरचं प्रशासकीय न्यायालय, म्हणालं तासाला यायचं, बुर्किनी घालून ये हवं तर. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये पण तसंच, तिथल्या आईबापांनी मुलींना पाठवलं नाही, त्यांना १४०० फ्रँक दंड झाला, २०१७ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने दंड योग्य ठरवला, शाळेने बुर्किनीची परवानगी आधीच दिलेली होती. म्हणजे एकीकडे ह्या ड्रेसमुळे बाई पाण्याबाहेर आणि दुसरीकडे ह्याच ड्रेसमुळे मुलीला पाण्याबाहेर ठेवायचं कारण उरत नाही. माझ्या मुलीचा विचारलात तर ती साध्या कॉश्चुममध्ये पोहते, नऊ वर्षांची आहे, पुढे तिचं ती ठरवेल, आणि तेव्हा मी तिला काय सांगेन ते मी अजून ठरवलेलं नाही.

ही बुर्किनी काढली कुणी ते पण सांगते, आपल्याकडे वाटतं की सौदीत कुणा मौलवीने काढली असेल. सिडनीची आहेदा झानेट्टी, लेबनॉनमध्ये जन्मलेली ऑस्ट्रेलियन. तिची भाची नेटबॉल खेळायची आणि खेळाच्या ड्रेसखाली पँट-स्कार्फ असे थर घालून घामाघूम व्हायची, ते बघून झानेट्टीने खेळायचे हलके कपडे बनवायला घेतले आणि २००४ मध्ये पोहण्याचा ड्रेस आला. २००५ ला सिडनीच्या क्रोनुला बीचवर दंगल झाली, त्यानंतर मुस्लिम पोरापोरींना जीवरक्षक म्हणून तयार करायचा कार्यक्रम निघाला, तेव्हा लाल-पिवळी बुर्किनी घातलेली मुलगी बीचवर पहाऱ्याला उभी राहिली. बुडणाऱ्याला वाचवायला! ती बातमी मी मुलीला वाचून दाखवली. आणि घेणाऱ्या सगळ्या मुस्लिम नसतात, ज्यांना कातडीचा कॅन्सर होऊन गेलाय, ऊन सोसत नाही, भाजल्याचे डाग आहेत अशा बायका पण घेतात. ब्रिटनच्या नायजेला लॉसन, त्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमवाल्या, २०११ मध्ये सिडनीच्या बाँडाय बीचवर घालून पोहल्या होत्या, उन्हासाठी. त्यांच्याभोवती पोलीस आले नाहीत.

एवढं लिहिलं तर दुसरी बाजू पण लिहायला हवी, नाहीतर मी खोटी ठरेन. आमच्या बॅचमध्ये एक इराणी बाई होती, माझ्याच वयाची, इंजिनिअर. पहिला महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी शॉवरला असले की ती थांबायची. मग एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत तीच बोलली, की तुझ्यावर राग नाही, पण ती टोपी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. तिकडे समुद्रावर बायकांचा भाग पडदे लावून वेगळा केलेला असतो, ती लहानपणी बापाबरोबर पाण्यात जायची आणि नऊ वर्षांची झाली तेव्हा एक दिवस बापाने सांगितलं आजपासून तू पडद्याच्या पलीकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी वारली, स्कार्फ नीट नाही म्हणून इराणच्या पोलिसांनी पकडलेली २२ वर्षांची पोर, तेव्हा हिची भाची तेहरानमध्ये रस्त्यावर निदर्शनांत होती. मी काय बोलणार? मी म्हटलं माझ्यावर कुणी सक्ती केली नाही. ती म्हणाली मला माहीत आहे, पण तुझ्या ओळखीत एकीवर पण केली नाही का. केली होती. माझ्या मावसबहिणीवर सासरी केली होती, ती बारावीपर्यंत ओढणी घेऊन सायकलवर कॉलेजला गेलेली मुलगी. मी खोटं बोलू शकले असते पण बोलले नाही.

आमच्या घरात नानी लुगडं नेसायची, डोक्यावर पदर, बुरखा तिने आयुष्यात घातला नाही आणि तिच्या नमाजाबद्दल कुणाची बोलायची हिंमत नव्हती. अम्मीने घातला, गल्फमधून मामाने पाठवलेला, पन्नाशीत. मी बुरखा घालत नाही, स्कार्फ घालते. तीन पिढ्यांत तीन तऱ्हा. म्हणून कुणी इकडचा म्हणाला की धर्मात हेच लिहिलंय किंवा तिकडचा म्हणाला की ह्याचा अर्थ गुलामीच, की मला नानीचा पदर दिसतो आणि दोघांनाही मान डोलवता येत नाही.

ती इराणी बाई आणि मी नंतर शेजारच्या लेनमध्ये पोहायचो, ती बिनबाह्यांच्या लाल कॉश्चुममध्ये. शिट्टी वाजली की हाताने खुणवणारी शेजारची म्हणून वर लिहिलंय ना, ती तीच. परीक्षेच्या दिवशी तळाची रबरी रिंग मला सापडेना, तिने वरून ओरडून दिशा सांगितली, मला ऐकू आलं नाही, टोपी, पण तिचा हात दिसला. मिळाला बिल्ला. मोठ्या बायकांना पण तोच समुद्री घोडा देतात, मुलीने तिच्या बिल्ल्याशेजारी टाचून ठेवलाय.

बाकी पूलवर लोक कसे वागतात तर बहुतेक जण बघतात आणि विसरतात. एकदा एका बाईने मला ऐकू येईल असं शेजारणीला म्हटलं की आधी अंघोळ तरी केली असेल का. मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं की केली, साबण लावून, तुमच्या आधी शॉवरला मीच होते. आवाज कापत होता माझा. बाडेमाइस्टर, म्हणजे पूलचा सुरक्षारक्षक, त्याने येऊन त्या बाईंना नियम सांगितला, मला नाही. हे मी विसरणार नाही.

नीसला पण जाऊन आलो त्याच ट्रिपमध्ये, समुद्रावर कुणी अडवलं नाही. गोटे आहेत सगळे, वाळू नाही, पायात रबरी बूट घ्या. खाऱ्या पाण्यात ही दुसरी बुर्किनी पूलपेक्षा जास्त छान तरंगते, फक्त मीठ वाळलं की शिवणीपाशी कडक होते, म्हणून दोनदा धुवा. मी किनाऱ्यापासून तीस-चाळीस हात आत गेले, मुलगी पुढे, मी मागे.

घेणाऱ्यांसाठी अजून थोडं. साइज नेहमीच्यापेक्षा एक नंबर मोठा घेऊ नका, आपल्याला सवय असते, पाण्यात कापड सैल पडतं म्हणून बरोबर मापाचाच घ्या. भारतात मागवायची असेल तर आता बऱ्याच साइट्सवर मिळते पण कापडाचं नाव वाचा, नुसतं पॉलिएस्टर लिहिलं असेल तर सोडा. आणि आपल्याकडच्या टँकवर नायलॉनचाच कॉश्चुम पाहिजे अशा पाट्या असतात, सलवार-कमीजवर सोडत नाहीत, ते बरोबरच आहे, म्हणून लेडीज बॅचला विचारून ठेवा, कापड दाखवलंत तर माझ्या चुलतबहिणीला पुण्यात सोडलं, तीन बोटांनी ताणून दाखवलं तिने. ज्या हिंदू बायका लाजेने किंवा पायावरच्या डागांमुळे उतरत नाहीत त्यांनी पण टोपी नसलेली घ्यावी, तशी मिळते, माझी सोलापूरची मैत्रीण घेऊन गेली.

डिसेंबरमध्ये हर्णैला जातेय. अम्मी ६४ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिला ड्रेस दाखवत होते, तिने रंग विचारला नाही, किती झाकतो विचारलं नाही, पुरुष असतात का तिथे ते पण विचारलं नाही. म्हणाली, भिजल्यावर जड किती होतो गं. मी म्हटलं ९८० ग्रॅम, एक किलो पण नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली मग माझ्या मापाचा एक आण, बाह्या थोड्या सैल बघ, दंडाला घट्ट झालेलं मला चालत नाही.